धोंडिबानं सांभाळलेली गाडी

आमच्या घरात अख्खं अंडं कुणी खाल्लं नाही. अख्खं अंडं विकायचं, तडकलेलं घरात ठेवायचं, असा आईचा नियम होता आणि तो तिनं स्वतःसाठीही कधी सैल केला नाही. धंदा तिचा होता. लोणावळ्याच्या भोवतालच्या डोंगरवाड्यांवर ती डोक्यावर पाटी घेऊन जायची. जाताना पाटीत सुकट, बोंबील, चहाची पूड आणि मीठ असायचं. वाडीतल्या बायांना पैशाचं फार कौतुक नव्हतं, कारण पैसा घेऊन बाजारात यायचं म्हणजे मजुरीचा दिवस मोडायचा. त्यांना बोंबील दारात हवे असत आणि आईला अंडी. येताना त्याच पाटीत भाताचं तूस भरून त्यात अंडी पुरलेली असत. संध्याकाळी उंबऱ्यावर बसून ती एकेक अंडं मुठीत धरून मावळत्या उन्हासमोर बघायची. शंका आली की पाण्याच्या घमेल्यात सोडायची. तरंगलं तर बाद. हे शिक्षण मी शाळेच्या आधी घेतलं. तडकलेल्या अंड्यांचं ती कालवण करायची, लसूण आणि सुकं खोबरं भाजून वाटलेलं, आणि बरोबर तांदळाची भाकरी. त्या कालवणाला थोडा बोंबलाचा वास असायचाच, कारण आमच्या घरात सगळ्यालाच तो वास होता. शाळेत माझ्या शेजारी बसायला मुली तयार नसत. मी तो राग मनात ठेवला आणि पुढे त्यांतल्या दोघींच्या सासरी चढ्या भावानं अंडी विकली.

घर म्हणजे एका बंगल्याच्या मागच्या दोन खोल्या. बंगला मुंबईच्या एका शेठचा. आबा, म्हणजे माझे वडील धोंडिबा, तिथं माळी, राखणदार आणि पडेल ते काम करणारे गडी. शेठ उन्हाळ्यात महिनाभर आणि दिवाळीत आठवडाभर यायचा; बाकी वर्ष बंगला बंद. बंद बंगल्याच्या मागे राहणाऱ्यांना आवाज फार ऐकू येतात. घाट चढून आलेल्या आगगाडीची शिट्टी, मुंबई रस्त्यावर गिअर बदलणारे ट्रक, आमच्या कोंबड्या, आणि सकाळी आबांच्या खराट्याचा आवाज. पावसाळ्यात ते कोळशाची शेगडी घेऊन बंगल्यातली एकेक खोली कोरडी करत फिरायचे. उघडीप मिळाली की गाद्या उन्हात, चादरी दोरीवर, कपाटांची दारं सताड. लोणावळ्याची ओल चामड्याच्या बुटावर चार दिवसांत हिरवी लव आणते. पण आमच्या शेठचे बूट दिवाळीत काढले तरी नव्यासारखे निघायचे.

म्हणूनच लोणावळ्यात ‘बंगल्यातली वस्तू’ या शब्दाला तेव्हा वजन होतं. मुंबईची माणसं हौसेनं वस्तू आणायची, वर्षातून महिनाभर वापरायची आणि कंटाळली की विकून टाकायची. आम्ही माळ्या-राखणदारांची घरं त्यावरच सजली. आमची लोखंडी खाट बंगल्यातली, जाळीचं कपाट बंगल्यातलं, स्टोव्ह बंगल्यातला, आणि यातली एकही वस्तू कधी फसवी निघाली नाही. कमी वापरलेलं ते चांगलं, हे आमच्या वस्तीत कुणाला शिकवावं लागत नसे. माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा खड्डा मी याच शहाणपणात खणला.

सातवी झाल्यावर मी धंद्यात शिरले. आईचे गुडघे दुखायला लागले होते आणि माझी जीभ चालायला लागली होती. हॉटेलांचे मॅनेजर आईला डझनामागे एखादं अंडं जास्त मागायचे आणि ती द्यायची. मी पहिल्याच महिन्यात ते बंद केलं. एका मॅनेजरशी त्याच्या स्वयंपाकघराच्या दारात मी इतकी भांडले की न्याहारी करणारी गिऱ्हाइकं उठून बघायला आली. त्यानं जास्तीचं अंडं सोडलं आणि माझं नाव ‘मिरची’ ठेवलं. मला चाललं. पण लवकरच पुण्याकडून ट्रकनं पांढरी, एकसारखी, पुठ्ठ्याच्या ट्रेमधली अंडी यायला लागली. ती सकाळी सातच्या आत हॉटेलात पोचायची. माझी सायकलवरून यायची, आणि कच्च्या रस्त्यावर सायकल म्हणजे अंड्यांचा कर्दनकाळ. जवळच्या वाड्या पुरेनाशा झाल्या होत्या. पवनेच्या खोऱ्यात, खिंडीपलीकडे, कोंबड्या भरपूर होत्या आणि तिकडे बोंबील घेऊन कुणी जात नव्हतं. तिकडे जायचं आणि सातच्या आत परत यायचं, तर पायांनी जमणारं नव्हतं.

बंगल्याच्या गॅरेजमध्ये शेठची छोटी गाडी होती. राखाडी रंगाची, दोन दारांची, चार माणसं दाटीनं बसतील एवढी. शेठ मुंबईहून रेल्वेनं यायचा आणि इथं फिरायला ती वापरायचा. जाताना आबांना गाडीजवळ उभं करून मीटरचा आकडा मोठ्यांदा वाचून दाखवायचा आणि म्हणायचा, “पुसायची, बाकी हात लावायचा नाही.” पुढच्या खेपेला आल्यावर आधी मीटर बघायचा. आकडा तोच असायचा. मग “शाबास, धोंडिबा” म्हणायचा. आता मला त्या ‘शाबास’चा संताप येतो, कारण त्यात आधी संशय होता. पण आबांना त्यात संशय दिसत नसे. त्यांना त्यात सर्टिफिकेट दिसे. नऊ वर्षं त्यांनी ती गाडी रोज सकाळी पुसली. चाकांच्या टोप्या चिंचेनं घासायचे. शेठ यायच्या आदल्या दिवशी बाजारातला बाबूमिस्त्री बॅटरी घेऊन यायचा, काहीतरी खटपट करून ती सुरू करून द्यायचा आणि जायचा.

त्या वर्षी शेठनं मुंबईत मोठी गाडी घेतली आणि ही विकायला काढली. मी आईची आणि माझी मिळून चार वर्षांची पुंजी पदरात बांधली आणि बंगल्याच्या पुढच्या व्हरांड्यात गेले. आम्ही नेहमी मागच्या दारानं जाणारे. पुढच्या पायऱ्या मी त्या दिवशी पहिल्यांदा चढले. घासाघीस तासभर चालली. शेठ व्यापारी होता, त्याला माझी गंमत वाटत होती. गॅलनला चाळीस मैल देते म्हणाला. मी म्हटलं, चाळीस दिले असते तर तुम्ही विकली नसती. त्यानं सांगितलेल्या किमतीचा पाऊण हिस्सा होईपर्यंत मी उठले नाही. शेवटी काय गॅरंटी, असं विचारलं, तेव्हा त्यानं खालच्या बागेत वाफे करणाऱ्या आबांकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, “तुझ्या बापानं सांभाळली आहे. आणखी कसली गॅरंटी पाहिजे?” मी पैसे मोजून दिले. अंडं उन्हासमोर धरल्याशिवाय न घेणाऱ्या मी गाडीचं बॉनेटसुद्धा उघडून पाहिलं नाही. बाबूमिस्त्रीला बरोबर नेलं असतं तर त्याला डझनभर अंडी द्यावी लागली असती. ती मी वाचवली.

गाडी चालवायला मात्र मला बाबूमिस्त्रीनंच शिकवलं, तुंगार्लीच्या रस्त्यावर, अंड्यांच्या बोलीवर. लायसन्ससाठी पुण्याला गेले तर तिथला माणूस दोनदा विचारत होता, लायसन्स नक्की कुणाला पाहिजे? मागची सीट काढून तिथं पाट्या ठेवल्या. गाडीत बोंबील, तूस आणि पेट्रोल असा तिहेरी वास भरला. पहिल्या दिवशी आई पुढे बसली, दोन्ही हातांनी दार धरून. नेहमीच्या वाडीवर पोचलो तेव्हा बाया घराबाहेर येईनात. मग भिमामावशी म्हणून एक म्हातारी पुढे आली, काचेतून आईला ओळखलं आणि मागे वळून ओरडली, “अगं या, बोंबीलवालीच हाय. पेटीत बसून आलीया.”

आणि मग गाडीनं रंग दाखवायला सुरुवात केली. दर दोन-तीन मैलांवर ती आचके देऊन बंद पडायची. पेट्रोलची टाकी आतून गंजलेली, तो गंज नळीतून पुढे येऊन अडकायचा. मी नळी सोडवून तोंडानं फुंकायचे. सकाळच्या चहाच्या आधी पेट्रोलची चव ठरलेली. वायरी उंदरांनी कुरतडलेल्या. रेडिएटरचा रबरी पाइप बोटानं दाबला की पापडासारखा मोडायचा. ओढ्याचं पाणी आणून आणून आईच्या कळशीला पोचे पडले. आमच्या घरात खर्च रुपयांत बोलत नसत, अंड्यांत बोलत. एक गॅलन पेट्रोल म्हणजे दोन डझन, ऑइल बदलायचं म्हणजे अर्धी पाटी, डायनामो म्हणजे भरून दोन पाट्या. गॅलनला पंचवीस मैलसुद्धा मिळेनात. आई रात्री भाकरी थापताना शांतपणे म्हणायची, आज तिनं आपल्यापेक्षा जास्त खाल्लं. बाबूमिस्त्रीच्या मुलाचं त्या वर्षी लग्न झालं आणि त्या लग्नातला बँड माझ्या गाडीनं वाजवला, असं मी आजही मानते.

पेट्रोल वाचवायला उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडायची, ही त्या काळात सगळ्या ड्रायव्हरांची रीत. मीही तेच करायचे. एका सकाळी पलीकडून भरलेल्या पाट्या घेऊन आम्ही खिंड चढलो आणि अलीकडच्या उताराला मी इंजिन बंद केलं. दुसऱ्या वळणावर ब्रेकवर पाय ठेवला तर पाय सरळ खाली गेला. काहीच लागेना. आई म्हणाली, सावकाश घे. मी म्हटलं, घेतेच आहे. एका बाजूला दरी नव्हती, पण भातखाचरांची उतरंड होती. दुसऱ्या बाजूला करवंदीची जाळी. मी गाडी जाळीत घातली. काटे काचेवर करकरत गेले, गाडी एका दगडावर चढून थांबली आणि मागचा सगळा माल पुढे आला. आईच्या डोक्यावरून, पदरावरून, मांडीवरून पिवळं ओघळत होतं, त्यावर तूस चिकटलेलं. तिनं आधी मागे वळून पाटीत हात घातला, चाचपलं आणि म्हणाली, “हितं सात आख्खी हायती.” मग आम्ही दोघी हसत सुटलो. 

बैलजोडीनं गाडी ओढून बंगल्याच्या आवारात आणली. बाबूमिस्त्रीनं चाकं उतरवली. आबा चहाचा कप घेऊन त्याच्याजवळ उभे होते. मिस्त्रीनं ब्रेकच्या आतली रबरं काढून तळहातावर ठेवली. फुगून, चिरा पडून त्यांचा चुरा झाला होता. मी त्याच्यावर उखडले, की तुला हे सगळं माहीत होतं. तो म्हणाला, माहीत होतं, पण तू विचारलंस कुठं? मग आबांकडे न बघता, रबर फेकून देत तो म्हणाला, “ही गाडी चालून न्हाई बिघडली. उभी राहून बिघडली. आठवड्याला कुणी आवारात दोन फेऱ्या मारल्या असत्या तर हिला काय झालं नसतं.”

आबांनी चहा न पिताच कप खाली ठेवला. पुढचे काही दिवस ते जेवायला बसायचे आणि अर्ध्यावर उठायचे. मला आणि आईला त्यांच्या मनातलं कळत होतं. नऊ वर्षं रोज सकाळी त्यांनी जे काम सगळ्यात मन लावून केलं, त्याच कामानं गाडी मारली होती, आणि तिच्यात बसून त्यांची बायको-पोरगी मरता मरता राहिली होती. मी त्यांना म्हटलं, आबा, हुकूम शेठचा होता. ते म्हणाले, व्हय. एवढंच. त्यांचं ते अर्ध्या ताटावरून उठणं मला सोसेना. दिवाळीला शेठ यायचा होता. मी दिवस काढत राहिले.

शेठ आला त्याच्या दुसऱ्या सकाळी मी पुन्हा पुढच्या पायऱ्या चढले. व्हरांड्यात त्याचे मुंबईचे दोन पाहुणे फराळ करत होते. मी शांतपणे बोलायचं ठरवून गेले होते आणि पहिली चार वाक्यं शांतपणे बोललेही. म्हटलं, गाडीचा खर्च गाडीच्या किमतीच्या वर गेला. निम्मा तुम्ही द्या. शेठ म्हणाला, वापरलेली वस्तू डोळ्यांनी बघून घेतलीस, आता रडायचं नाही. मी म्हटलं, तुम्ही गॅरंटी दिली होती. तो पाहुण्यांकडे बघून हसला आणि म्हणाला, “गॅरंटी तुझ्या बापाची दिली होती. बिघडली असेल तर त्यानंच नीट ठेवली नसेल. मी मुंबईत असतो. इथं तो काय करत होता, मला काय माहीत?”

त्यानंतर माझ्या तोंडून जे निघालं ते इथं लिहीत नाही. समोरच्या बंगल्याचा माळी कुंपणाशी येऊन उभा राहिला, एवढं सांगते. शेठचा चेहरा उतरला, मग कडक झाला. त्या दोन खोल्या नोकरीबरोबर आहेत आणि नोकरी कुणाची आहे, याची त्यानं मला आठवण करून दिली. पण तो मुळात व्यापारी. पाहुण्यांसमोर तमाशा नको म्हणून खिशातून काही नोटा काढल्या आणि टेबलावर ठेवून म्हणाला, हे दुरुस्तीला घे आणि विषय संपव. पहिल्या नोटा निघाल्या म्हणजे दुसऱ्या निघणार, हे मला नीट कळत होतं. मी दुप्पट मागायला तोंड उघडलं, तेवढ्यात आबा पायऱ्या चढून आले. चपला खाली काढून ठेवल्या होत्या. त्यांनी मला हातानं मागे सारलं.

“पैसं नगत, शेठ,” ते म्हणाले. “तुमी निस्तं येवढं म्हना, की धोंडिबानं गाडी सांभाळली.”

शेठला वाटलं सुटलो. “अरे, त्यात काय म्हणायचं?”

“म्हना की मग.”

शेठनं नोटांकडे पाहिलं, मग पाहुण्यांकडे. मी समोरच होते, मी त्याचं तोंड बघत होते. एवढी वर्षं सौदे केल्यावर मला माणसाच्या तोंडावरचा हिशेब वाचता येतो, आणि त्या सकाळीही आला. नोटा दिल्या तर उपकार होत होता. ते वाक्य दिलं असतं तर चूक त्याच्या हुकमाची ठरत होती, आणि तीही पाहुण्यांसमोर, माळ्याच्या पोरीपुढे. त्याला ते वाक्य नोटांपेक्षा महाग पडत होतं. तो म्हणाला, “पैसे घे आणि जा, धोंडिबा. चहा थंड होतोय.”

आबा शेठच्या तोंडाकडे बघत उभे राहिले. मला वाटतं ते खरोखर वाट बघत होते. मग त्यांनी कमरेचा बंगल्याच्या किल्ल्यांचा जुडगा सोडला आणि नोटांच्या शेजारी ठेवला. “म्हैना भरला की खोल्या मोकळ्या करतो,” म्हणाले आणि उतरून चपला घालून चालू लागले. मी नोटांकडे बघितलं. त्या मला हव्या होत्या. हव्या नव्हत्या असं म्हटलं तर खोटं होईल. पण आबांच्या मागे निघाले.

आई मागे चुलीशी होती. आम्ही सांगितलं, खोल्या सोडायच्या. तिनं कढई उतरवली, जरा विचार केला आणि विचारलं, कोंबड्यांचं काय? त्यावर तिचं आणि आबांचं बराच वेळ बोलणं चाललं. मला दोष देणारं काही ती कधी बोलली नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. याबद्दल मी तिची किती ऋणी आहे, हे तिला सांगायचं राहून गेलं.

कुसगावात एका शेतकऱ्याचा रिकामा गोठा भाड्यानं मिळाला. शेणानं सारवून, पडदा बांधून त्याचं घर केलं. सामान गाडीनंच नेलं. मिस्त्रीनं नवी रबरं घातली होती, टाकी उतरवून आतून धुतली होती, वायरी बदलल्या होत्या. खाटेचे पाय दोरीनं टपावर, कोंबड्या पाटीखाली. शेवटच्या फेरीला आबा आले. नऊ वर्षं पुसलेल्या त्या गाडीत ते तोपर्यंत कधी बसले नव्हते. पाय बाहेर झटकून आत घेतले आणि हात मांडीवर ठेवून, पाठ न टेकता बसले. वलवणच्या पुढे गेल्यावर त्यांनी विचारलं, “कमळे, ह्यो आवाज नेहमीचा हाय का?”

मी म्हटलं, कुठला?

“ह्यो. पुढनं येतोय त्यो.”

तो इंजिनाचा आवाज होता. मी म्हटलं, नेहमीचाच. मला पुढचा रस्ता नीट दिसेना, म्हणून गाडी हळू घेतली.

आता गंमत अशी, की त्या गोठ्यापासून पुढे ती गाडी सुधारत गेली. रोज पहाटे खिंडीपलीकडे, रोज परत, दुपारी बाजार. बाबूमिस्त्री म्हणाला होता तेच. चालायला लागल्यावर तिचे सांधे मोकळे झाले. वर्षभरात पुढचं लोखंडी हँडल एकदा फिरवलं की ती सुरू व्हायला लागली. गॅलनला तीस, मग पस्तीस मैल. शेठनं सांगितलेले चाळीस तिनं शेवटपर्यंत दिले नाहीत, हाही माझा एक राग आहे. पण खर्च कमी झाला तशी आईची घरातली भाषा बदलली. डझनावरून ती ‘दोन-चार अंडी’वर आली. आबांनी पहिल्या आठवड्यातच हँडल मारायला शिकून घेतलं. पाऊस असो, सण असो, मी आजारी असो, सकाळी ते गाडी सुरू करायचे आणि उभ्या उभ्या ऐकत राहायचे. आवाजात फरक पडला की मिस्त्रीच्या आधी त्यांना कळायचा. पाण्याची पातळी, ऑइलची काठी, प्लगवरची काजळी, सगळं ते बघायला लागले. बॉनेट मात्र पूर्वीइतकं कधी चमकवलं नाही.

त्या गाडीनं वाडीवरच्या तीन अडलेल्या बाया दवाखान्यात पोचवल्या, त्यांतली एक गाडीतच मोकळी झाली. भिमामावशीच्या नातवाची वरात तिच्यातून निघाली, नवरा-नवरी तुसात बसून. पुण्याच्या ट्रकची अंडी ज्या दिवशी घाटातल्या कोंडीत अडकायची, त्या दिवशी लोणावळ्याच्या हॉटेलांत फक्त माझी असायची, आणि त्या दिवसाचा भाव मी ठरवायचे. पुढे कुसगावातच जागा घेतली, शेड घातल्या, पिल्लं आणली. आज माझी नात तिच्या गाडीत बसते तेव्हा गाडी तिच्याशी बोलते, इथून वळ, तिथून वळ. मला ते आवडतं. पण मला रस्ते शिकवले ते त्या राखाडी गाडीनं, दर तीन मैलांवर मला खाली उतरवून. कुठल्या ओढ्याला चैत्रात पाणी असतं, कुठल्या घरात दोरी मिळते, कोण धक्का मारायला येतं आणि कोण नुसतं दारातून बघतं, हे मला तिनंच दाखवलं. ती जागोजाग बंद पडली नसती तर अर्ध्या वाड्या माझी गिऱ्हाइकं झाल्याच नसत्या.

म्हणून शेठबद्दल मला विचाराल तर दोन गोष्टी सांगेन. त्यानं मला गाडी विकली नसती तर मी आजही सायकलवर असते, आणि त्यानं ते वाक्य म्हटलं असतं तर आम्ही त्या दोन खोल्यांतून निघालोच नसतो. माझं जे काही आहे ते त्याच्या त्या दोन्ही गोष्टींतून आलं. हे मला कळतं आणि मी ते मान्य करते. दुसऱ्या वर्षी पावसाळ्यात बंगला गळायला लागला, तेव्हा त्यानं माणूस पाठवला होता, पगार वाढवून देतो म्हणून. आबांनी त्या माणसाला विचारलं, शेठ आनखी काय म्हनलं? तो म्हणाला, आणखी काही नाही. मग आबांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. पुढे शेठ वारला, बंगल्याचं हॉटेल झालं. तरी त्या वाक्याचं येणं माझ्या मनात अजून चालू आहे आणि ते मी माफ केलेलं नाही. करणारही नाही.

अंड्यांसाठी टेम्पो घेतला तेव्हा ती गाडी विकायला काढली. तळेगावचे एक शाळामास्तर बघायला आले. भाव पाडण्यात माणूस पक्का होता, मला आवडला. रंग उडालाय म्हणाले. मी म्हटलं, रंगावर गाडी चालत नाही. मागची सीट नाही म्हणाले. ती माळ्यावर ठेवली आहे, नवी आहे, मी म्हटलं. आत कसला वास येतो म्हणाले. मी म्हटलं, तो फुकट आहे. असं तासभर चाललं आणि आम्ही दोघंही एका आकड्यावर अडून बसलो. ते वर येईनात, मी खाली जाईना. आबा ओट्यावर बसले होते. त्यांना घासाघीस कधीच झेपली नाही, ते दुसरीकडे बघत होते. मास्तरांनी शेवटचं म्हणून बॉनेट उघडलं, हँडल मारलं, गाडी एका झटक्यात सुरू झाली. ते वाकून बघत राहिले, ऐकत राहिले. आपण गिऱ्हाईक आहोत हे क्षणभर विसरले असावेत.

“काही म्हणा, पण गाडी सांभाळलीय,” ते म्हणाले. “कुणी सांभाळली हो ही? आबा, तुम्ही?”

आबांनी माझ्याकडे बघितलं. मग मास्तरांकडे. “व्हय,” ते म्हणाले. “म्यांच.”

मी मास्तरांना म्हटलं, तुमच्याही आकड्यातून शंभर कमी करा आणि घेऊन जा. मी न मागता भाव सोडल्याची माझ्या आयुष्यात दुसरी नोंद नाही. मास्तर चपापले. आत्तापर्यंत एक रुपया न सोडणारी बाई एकदम शंभर सोडते म्हणजे गाडीत नक्की खोट आहे, असं त्यांना वाटलं असणार. त्यांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि ते गाडीखाली शिरले. आबा ओट्यावरून उतरून त्यांच्या पायांशी उकिडवे बसले.

“बगा, मास्तर,” ते म्हणाले. “सावकाश बगा. घाई न्हाई.” आणि आत आईला चहा टाकायला सांगितला.